जळकोटची अंबाडी आणि येळवशीचा झोका

मी पुण्यात दोरकामाचे वर्ग घेते. गाठी मारून पिशव्या, कुंड्यांची शिंकाळी, भिंतीवरची शोभेची कामं असं काय काय आम्ही बायका करतो. त्यासाठीचा दोर मी लांबून कुरिअरने मागवते आणि दर वेळी तो कुठे जाड, कुठे बारीक येतो. परवा फोनवर हेच रडगाणं गात होते तर सुवर्णा म्हणाली, "अगं, यंदा आमच्या रानात अंबाडी आहे. येळवशीला ये. सालीतून वाख निघताना बघ, दोर वळताना बघ, आणि भज्जी खाऊन जा."

सुवर्णा माझी कॉलेजातली मैत्रीण. सोलापुरात आम्ही एका खोलीत राहायचो. आता ती जळकोटजवळच्या एका गावात राहते, शाळेत शिकवते. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. धाराशिव आणि लातूरकडे त्या दिवशी सगळं गाव शेतात जेवायला जातं. इतकी वर्षं ती बोलावत होती आणि माझं दर वेळी काहीतरी निघत होतं. यंदा मी फोन ठेवायच्या आधी हो म्हणाले आणि नवऱ्याला नंतर सांगितलं.

जायचं सोपं आहे. पुण्याहून सोलापूर रेल्वेने, तिथून हैदराबाद रस्त्याची कुठलीही एसटी. बायकांना अर्धं तिकीट. रस्ता चांगला आहे, फक्त डिसेंबरात उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे बस अडकते, तेवढा वेळ धरून चला. नळदुर्ग गेलं की थोड्याच वेळात जळकोट. बसमध्ये माझ्या पुढच्या दोघी मराठीत भांडायला लागल्या आणि कानडीत मिटवून मोकळ्या झाल्या, तेव्हाच समजलं की कर्नाटकची हद्द जवळ आली.

सुवर्णा स्कूटर घेऊन फाट्यावर उभी होती. घरी न नेता तिने मला थेट रानात नेलं. ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, आणि पार पलीकडे, रस्त्यावरून दिसणारच नाही अशा कोपऱ्यात तुरीच्या ओळींमध्ये अंबाडी उभी होती. दोरासाठीची बहुतेक कापून झाली होती, ही फक्त बियाण्यासाठी राखलेली. मी हात वर केला तरी शेंडा लागेना. देठ लालसर, अंगावर बारीक काटे, आणि उरलीसुरली पानं अशी की मी दचकलेच. एका देठाला पाच बोटं, करवतीसारख्या कडा. सिनेमात पोलीस ज्या पानाच्या पोत्यांवर धाड घालतात, हुबेहूब तेच.

"गांजा वाटला ना?" सुवर्णा म्हणाली. "तोच तर घोळ झाला."

बांधावर बसून तिने सगळं सांगितलं. तिचे सासरे, आप्पा, यांच्या घरात ही अंबाडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. बाजारातल्या बियाण्याची अंबाडी बुटकी असते, तिचं पान साधं. हिचं पान फाटलेलं आणि साल लांब, चिवट. बैलांचे कासरे, दावी, विहिरीचे दोर, सगळं आप्पा घरी वळायचे. तीन पावसाळ्यांपूर्वी ही अंबाडी रस्त्याकडेच्या पट्टीत होती. जाणाऱ्या-येणाऱ्या कोणीतरी मोबाइलवर चित्रण करून पुढे धाडलं आणि एका सकाळी पोलिसांची गाडी बांधाला लागली. गाव गोळा झालं. शेतीखात्याचा माणूस येईपर्यंत अर्धा दिवस आप्पा पिकाशेजारी उभे. शेवटी त्या माणसाने पान तोडून साहेबांच्या हातात दिलं आणि चावायला सांगितलं. साहेबांनी चावलं, आंबट्ट तोंड केलं आणि हसले. माफीही मागितली. सुवर्णाच्या सासूबाईंनी, म्हणजे अव्वांनी, सगळ्यांना अंबाडीची भाजी आणि भाकरी खाऊ घातली.

"म्हणजे छान मिटलं की," मी म्हणाले.

"सगळ्यांसाठी मिटलं. पुढच्याच आठवड्यात एका लग्नात कोणीतरी मांडवातून हाक मारली, गांजावाले आप्पा आले. चेष्टेनेच. आप्पा जेवले नाहीत. घरी आले आणि अंबाडी उपटून टाकली, बी धरायच्या आतच. डब्यात ठेवलेलं जुनं बीसुद्धा चुलीत घातलं. म्हणाले, ह्या रानात आता अंबाडी दिसायची न्हाय."

"मग ही?"

"ही अव्वांची. त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, येडशीच्या गौरामावशीकडे हेच बी होतं. मावशीने यंदा मूठभर पाठवलं. अव्वांनी कोणाला न विचारता तुरीत टोकून पेरलं."

"आणि आप्पा?"

"रोज इथून जातात. पेरणीपासून घरात एक शब्द निघाला नाही. उपटलीही नाही, आणि हातही लावला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अव्वांबरोबर ओढ्यावर गेले. फुलं येऊन गेल्यावर कापलेल्या अंबाडीच्या पेंढ्या तिथे डोहात, साल सुटावी म्हणून, दगडाखाली दाबून ठेवल्या होत्या. आधीच्या पेंढ्यांचा वाख निघून वाळलाही होता, ही शेवटची खेप. वासाबद्दल प्रामाणिकपणे सांगते, जुने कपडे घाला आणि नाश्ता नंतर करा. पण अव्वांनी बुडख्याशी नख लावून साल ओढली आणि ती बुडख्यापासून शेंड्यापर्यंत एका दमात सुटून आली तेव्हा मी वास विसरले. आत पांढरी शुभ्र काठी राहिली. साल दगडावर आपटायची, पाण्यात खळबळायची, पुन्हा आपटायची. हिरवा-काळा गाळ निघून जातो आणि हातात केसांसारखे लांब, फिकट सोनेरी धागे उरतात. तो वाख.

"काढायचा दिवस कसा ठरवता?" मी विचारलं.

"रोज एक काडी काढून बघायची. साल वढली की सुटली पायजे, पर तुटली न्हाय पायजे. लवकर काढलं तर साल चिकटून बसती, उशीर झाला तर धागाच कुजतो." त्या माझ्या हाताकडे बघून हसल्या. "अजून आपट पोरी. तुझ्या धाग्याला साल हाय."

दुपारी हात दुखत होते म्हणून सुवर्णाने मला नळदुर्गचा किल्ला दाखवला. बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात महाल केलाय. नर-मादी धबधबे बघायचे असतील तर चांगल्या पावसानंतर जा, मला नुसती शेवाळलेली भिंत दिसली. पण महालाच्या खिडकीत थंडगार बसून शेंगा खाल्ल्या आणि वीस वर्षांच्या गप्पा झाल्या. तक्रार नाही.

येळवशीच्या दिवशीची एक सूचना. बाजार, हॉटेलं, बहुतेक सगळं बंद असतं, एसट्याही रिकाम्या. त्या दिवशी कुठेतरी पोचायचा बेत ठेवू नका. मात्र उपाशी राहायची भीती नाही. कोणत्याही बांधावर उभं राहा, लोक जेवायला ओढून नेतात. आम्ही टोपल्या घेऊन रानात पोचेपर्यंत दोन अनोळखी कुटुंबांनी आम्हाला थांबवलं होतं.

कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपटी, उभी केली होती, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव. पूजा झाली. आप्पांनी आंबील शिंपडत रानाला फेरी घातली. पांढरं धोतर, ताठ कणा, बोलणं जेमतेम. मी बघत होते. अंबाडीच्या कोपऱ्यात ते थांबले, तिथेही तितकीच आंबील शिंपडली आणि पुढे गेले.

मग जेवण. भज्जी म्हणजे आपली भजी नव्हेत. हरभरा, तूर, वाल, शेंगदाणे आणि हाताला येईल ती पालेभाजी बेसनात घट्ट शिजवलेली. सोबत बाजरीचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली गार, लसणाची आंबील. मी किती खाल्लं ते सुवर्णाने मोजलं नाही, ही तिची कृपा.

जेवणानंतर पोरांना कडुलिंबाला झोका हवा असतो. पूर्वी तो दोर आप्पा वळायचे. गेली दोन वर्षं सुवर्णाचा नवरा महेश नायलॉनचा आणत होता, आजही त्याच्या पिशवीत होता. त्याने तो काढला. तेवढ्यात अव्वा कोपेत गेल्या, वाळलेल्या वाखाच्या जुड्या आणून त्यांनी आप्पांपासून हातभर अंतरावर ठेवल्या आणि भांडी आवरायला लागल्या. महेश नायलॉन हातात धरून तसाच उभा राहिला. सुवर्णाने माझा दंड दाबला.

मग आप्पांनी एक जुडी उचलली. उन्हात धरली. नाकाशी नेली. चार धागे वेगळे काढून कानाजवळ ताणले. ते तुटले तसा टचकन आवाज आला.

"बोलतोय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कुजका धागा गपचिप तुटतो ताई. चांगला असला की असा बोलतो." त्यांनी दुसरी जुडी घेतली. "ह्यो कोणी धुतला?"

"म्या," अव्वा पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"लई चांगला धुतला. आन् ह्यो?"

"तो ताईंनी."

"दिसतंय," आप्पा म्हणाले, आणि सालीचे तुकडे वेचायला लागले. अव्वा हसल्या, मग सुवर्णा, मग मी. आप्पांच्या मिशीखालीही काहीतरी हललं.

त्यांनी धोतर मांडीवर सरकवलं, वाख ओला केला आणि तळव्याखाली पहिला पेड वळला. तीन पेड झाल्यावर एक टोक महेशकडे, एक सुवर्णाकडे, एक माझ्याकडे. मी उत्साहाने पीळ दिला तो नेमका उलटा आणि माझा पेड सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उलगडला. "ताई, तुमचा हात सोडवायचा हाय, वळायचा न्हाय," आप्पा म्हणाले आणि माझा हात धरून दिशा दाखवली. मग तिन्ही पेड एकमेकांवर बसत गेले. सोनेरी, घट्ट, अंगठ्याएवढा जाड दोर. इतकी वर्षं मी तयार दोराला गाठी मारत आले, पण काहीच नसलेल्या ठिकाणी दोर येताना पहिल्यांदा पाहिला.

महेशने तो लिंबाच्या फांदीला बांधला. पोरं धावली, आप्पांनी अडवली. स्वतः दोर धरला, दोन्ही पाय वर घेतले आणि त्या वयात लोंबकळून तीन हिसके दिले. दोर करकरला आणि बसला. शेजारच्या रानातली माणसं उठून बघायला लागली होती.

"बस," आप्पा अव्वांना म्हणाले.

"मी? काय तरीच. लोक बघत्यात."

"बघू दे."

अव्वा लुगडं सावरत बसल्या. आप्पांनी मागून हलकेच ढकललं. दुसऱ्या झोक्याला त्यांचा पदर उडाला आणि त्या कानडीत काहीतरी बोलल्या. त्यावर आप्पा मोठ्याने हसले. सुवर्णाने नंतर सांगितलं, हे हसू तिने तीन वर्षांनी ऐकलं. संध्याकाळी परतताना आप्पा महेशला म्हणाले, "पुढच्या साली रस्त्याकडच्या पट्टीत टाकू. तितं जमीन चांगली हाय."

परतीचा रस्ता मी मुद्दाम वेगळा घेतला. अव्वांनी दोराचा एक तुकडा बहिणीसाठी दिला होता. तुळजापूर, धाराशिव करत एसटीने येडशीला गेले. येडशीला रेल्वे स्टेशन आहे, त्यामुळे परत यायला सोयीचं, फक्त गाड्या मोजक्या आहेत, वेळ बघूनच निघा. जवळच दरीत रामलिंगाचं देऊळ आहे. माकडं धीट आहेत, प्रसाद पिशवीत ठेवा.

गौरामावशी अव्वांचीच बारीक आवृत्ती. दोर हातात घेऊन त्यांनी झोक्याची सगळी हकिकत दोनदा ऐकली, चहा गार झाला तरी ऐकली. मग म्हणाल्या, "आता सांगायला हरकत न्हाय. बी तिनं मागितलं न्हवतं. दाजींचा फोन आला हुता."

"आप्पांचा?"

"व्हय. म्हणले, गौरा, तुझ्याकडचं बी तुझ्या बहिणीला पाठव. म्या सांगितलं म्हणू नको. आपणहून पाठवल्यागत पाठव."

रेल्वेत खिडकीशी बसून मी हेच घोळवत होते. माणूस तोंडाने नाही म्हणून बसतो आणि मग त्या नाहीतून बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही. आप्पांनी ती वाट थेट येडशीवरून काढली होती, तीही बायकोच्या हातून.

घरी येऊन आठवडा झाला. अव्वांनी दिलेली वाखाची एक जुडी बाल्कनीत टांगलीय आणि वर्गातल्या बायका तळव्याखाली पेड वळायला शिकताहेत. आमचा दोर अजून कुठे जाड, कुठे बारीकच येतो, पण आता कुरिअरवाल्यावर खापर फोडता येत नाही. हे सगळं लिहायचं तर अव्वांना विचारायला हवं होतं. फोन केला आणि गौरामावशींचं गुपित सोडून बाकी सगळं वाचून दाखवलं. अव्वांनी ऐकून घेतलं.

"आन् फोनचं न्हाय लिवलं?" त्यांनी विचारलं.

"कुठला फोन, अव्वा?"

"ह्यांनी गौराला केला त्यो. पोरी, गौराच्या पोटात काय ऱ्हातंय का? बी आलं त्याच दिवशी तिनं मला सांगितलं."

"म्हणजे तुम्हाला पेरणीपासून माहीत होतं?"

"तर. लिव्ह तू, बिनधास्त लिव्ह. फकस्त मला ठाव हाय हे त्यांना सांगू नको." मागे कुठेतरी आप्पा भाकरी मागत होते. अव्वा त्यांना ओ देऊन पुन्हा फोनवर आल्या आणि आवाज बारीक करून म्हणाल्या, "लई खूश हायत ते."