एका टिंबाची पेन्शन
सासऱ्यांच्या पेन्शनच्या अर्जात मी एक टिंब जास्त दिलं, तेही शाळामास्तर असून. सुताच्या खळीचा आंबूस वास आला की वडगावातलं त्यांचं विणकराचं घर आणि ते टिंब, दोन्ही आठवतात. पहिल्या महायुद्धात बसऱ्याच्या लढाईत त्यांच्या गुडघ्यात गोळी शिरली होती, त्यामुळं मागाची पावडी पायानं दाबवत नव्हती. ‘या पायानं आता माग चालणार नाही’ असं लिहायचं, तर मी ऐटीत लिहिलं ‘मागं’. लष्कराच्या कॅम्पातल्या कारकुनानं ते वाचून गोऱ्या डॉक्टरला सांगितलं, हा शिपाई मागं चालणार नाही म्हणतो. साहेब हसला, “मग पुढं चाल! पेन्शन कशाला?” सासऱ्यांनी काठी टेकून धोतर वर घेतलं. “साहेब, गोळी पुढनं लागलीया. मागं कधी गेलोच न्हाय. पण घरातला माग थांबलाय.” कारकुनानं हेही सांगितल्यावर साहेबानं गुडघा वाकवून पाहिला, हसू आवरलं आणि ‘कामास असमर्थ’ असा शेरा लिहिला. बाहेर येताना छाती माझीच फुगली होती, अजून फुगते. मी म्हटलं, “मामा, माझ्या टिंबानं काम केलं बघा!” ते म्हणाले, “जावईबापू, पेन्शन पायाला मिळाली, पण खरा अधू तुमचा हात हाय.”