सोलापूरला न थांबलेलं विमान

विमान सोलापूरला थांबतं, असं मी धरून चाललो. मॅप रीडिंगच्या क्लासात पहिला आलो होतो, तरीही.

१९४९ साल. पोलीस ॲक्शन होऊन गेली होती. आमचं सेक्शन बिदरच्या धावपट्टीवर पहाऱ्याला होतं. विमान क्वचित उतरायचं. आम्ही गुरं हाकलायचो. ज्वारीची काढणी झाली तशी शेजारच्या मळ्यातल्या गुरम्माक्का आल्या.

"एवढी सपाट जागा कामून पडीक ठेवायलाव? आमी खळं करतो की."

मी परवानगी देऊन टाकली. मला ती देण्याचा अधिकार नव्हता, पण दुपारी ताक मिळू लागलं.

गावोगावची जमा केलेली हत्यारं तपासताना एक जुना ग्रेनेड फुटला. नाईक बसप्पा, राहणार हुलसूर, याच्या पोटात तुकडे गेले. मी त्याला अण्णा म्हणायचो. डॉक्टर साहेब म्हणाले, पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात वेळेत पोचला तर वाचेल. विमान मागवायला वायरलेस केला.

"डाकोटा एअरबोर्न. ओव्हर," पुण्याहून उत्तर आलं आणि आमचा सेट बंद पडला.

"फ्लाइंग टाइम?" कॅप्टन साहेबांनी मला विचारलं.

मी नकाशा उघडला. बोट सरळ रेषेत जाईना. पुणे, सोलापूर, नळदुर्ग, हुमनाबाद असं रस्त्यारस्त्यानं वळत बिदरला आलं. त्यात आमच्याकडचा माणूस पुण्याहून येताना सोलापूरला उतरतो, तोंड धुतो, चहा घेतो. विमानही तेलपाणी करणारच, म्हणून तोही वेळ धरला.

"अडीच तास, सर."

"शुअर?"

"सर."

अक्कांना सांगून आलो, विमानाला अडीच तास आहेत, सावकाश मळणी उरका. स्ट्रेचर लिंबाच्या सावलीत ठेवलं.

"विमान कामून येईना रं?" अण्णानं विचारलं.

"यायलंय अण्णा. आता सोलापूर गाठलं असंल."

तेवढ्यात ते डोक्यावर आलं. सरळ रेषेत अडीचशे मैलसुद्धा नाहीत. दीड तासाचं उड्डाण.

पट्टीच्या मधोमध मळणीच्या बैलांची पात फिरत होती. डाकोटा खाली आलं, बैल बघून पुन्हा वर गेलं. मी लाल झेंडा घेऊन धावलो आणि कडब्यात पाय अडकून आडवा झालो. अक्कांनी बैल सोडून हाकलले. त्यांच्या सुना पदरानं दाणे ओढू लागल्या. विमान पुन्हा वळलं.

"ऱ्हाऊ द्या दाणे," अक्का म्हणाल्या. "बाजूला व्हा. माणूस जायलाय तिकडं."

तिसऱ्या फेरीला डाकोटा उतरलं. पंख्यांच्या वाऱ्यानं त्यांची वर्षाची ज्वारी माळभर उडाली.

चढवताना अण्णानं हात थोडा उचलला. सलाम केला, की मला जवळ बोलावलं, ते कळलं नाही. दार लागलं.

आठवडाभरात निरोप आला. नाईक बसप्पा गेला. त्या दोन फेऱ्यांनी फरक पडला नसता, असं डॉक्टर साहेब म्हणाले. ते सभ्य गृहस्थ होते.

अक्का गवतातून दाणे वेचत होत्या. मी शेजारी बसून वेचू लागलो आणि सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"लेकरं?"

"एक पोरगी आहे."

त्या पुन्हा दाणे वेचू लागल्या. मग मी ज्वारीबद्दल माफी मागायला लागलो, तर म्हणाल्या, "ज्वारी फिरून पिकती. तू मातर कुणाला पोचायचा येळ सांगत जाऊ नगंस."