वाच गं पुढचं

बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये शाळा आणि बेकरी एकाच ओट्यावर भरायची. शाळेत विद्यार्थिनी दोन, थोरली सात वर्षांची आणि धाकटी तीन. बेकरीत कामगार एक, म्हणजे मी. नवऱ्याला छत्तिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, तेव्हा मी चिडून साखर आणि धान्य दोन्ही स्वयंपाकघरातून हद्दपार केलं आणि बदामाचं पीठ, खोबऱ्याचा कीस, अंडी आणि सफरचंदाचा गर यांचे केक करायला लागले. आधी त्याच्यासाठी, मग सोसायटीत मागणी आली म्हणून सगळ्यांसाठी. माझे सासरे आमच्याजवळच राहतात. पहिल्या केकच्या वेळी त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"साखर नाही?"

"नाही."

"गूळ?"

"नाही."

"गहू, तांदूळ?"

"नाही हो, बाबा."

"मग सरळ एक सफरचंद दे ना हातात. ओव्हनला कशाला त्रास?"

आणि दोन तुकडे खाल्ले. आमचे बाबा असेच. पहाटे पाचला उठतात आणि पेपर घेऊन बसतात. आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलं, पोरांना पहिलीपासून चौथीपर्यंत हाताखालून काढलं. त्यामुळे मी थोरलीचं नाव शाळेतून काढलं, तेव्हा घरात काय झालं असेल ते सांगायला नको. पहिलीत असताना तिला रोज सकाळी उलटी व्हायची. डॉक्टर म्हणाले, पोटात काही नाही, मनात आहे. मी वर्गशिक्षिकेला भेटायला गेले, तर त्या म्हणाल्या, "तुमची मुलगी फार प्रश्न विचारते, बाकीच्यांचा वेळ जातो." झालं! माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात तडकाफडकी नाव काढलं आणि जाहीर केलं, की मी घरी शिकवणार.

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी म्हणाले, "ठीक आहे. तिच्या आठव्या वाढदिवशी सकाळचा पेपर मी तिच्यासमोर ठेवीन. बोट ठेवीन ती बातमी तिनं वाचायची. वाचली तर तुझ्या शाळेला माझा साष्टांग नमस्कार. नाही वाचली तर मी स्वतः हात धरून तिला शाळेत नेऊन बसवीन. मग रडायचं नाही."

"कबूल," मी म्हटलं. "आणि तोवर माझ्या शाळेत तपासणी नको."

"मी कशाला येतोय मरायला तिकडे," ते म्हणाले. थोरली टेबलाखाली बसून हे सगळं ऐकत होती.

अक्षरं मी तिला कणकेनं शिकवली. कणीक म्हणजे आपली बदामाची. क वळायचा, ख वळायचा, भाजायचा आणि खायचा. क पासून ज्ञ पर्यंत अख्खी मुळाक्षरं आमच्या पोटात गेली. मग पाककृतींची वही आली. मी मोठ्या सुवाच्य अक्षरात एकेका ओळीत एकेक जिन्नस लिहून काढला होता. माझे हात कायम पिठात, एक डोळा धाकटीवर, कारण ती केव्हा सोड्याचा डबा उपडा करील याचा नेम नाही. थोरली स्टुलावर वही घेऊन बसायची. नवं पान आधी मी एकदोनदा वाचून दाखवायचे. मी म्हणायचे, "वाच गं पुढचं." ती ओळीखाली बोट ठेवायची आणि खणखणीत आवाजात वाचायची. "दोन वाट्या बदामाचं पीठ. चार अंडी. पाव चमचा मीठ." महिन्याभरात! मी तर हवेत होते. व्हिडिओ काढला, माहेरी पाठवला, सासरी पाठवला, ज्या शेजारणींनी नाकं मुरडली होती त्यांना तर आठवणीनं पाठवला. बहीण म्हणाली, "अगं, माझा मुलगा हिच्याच वयाचा आहे, तो अजून अडखळतो." मी वरवर म्हटलं, "प्रत्येकाचा वेग वेगळा असतो गं." मनातून मात्र गुदगुल्या होत होत्या. खोटं कशाला बोलू?

वाढदिवसाला वीस दिवस राहिले होते, तेव्हाची ही गोष्ट.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी नातीसाठी केक सांगितला होता. त्या दोनदा वर येऊन बजावून गेल्या, "अक्रोड अजिबात नको हं. तुकडासुद्धा नको. मागच्या वेळी कुणीतरी बिस्कीट दिलं, पोरीचा घसा सुजला, श्वास घेता येईना. हॉस्पिटलात न्यावं लागलं." मी त्यांच्यासमोरच वही काढली, 'एक वाटी अक्रोड, भरड' या ओळीवर लाल पेनानं काट मारली आणि वर ठळक लिहिलं, 'भोपळ्याच्या बिया'. काकू खूश होऊन गेल्या.

केकच्या दिवशी सकाळपासून चार घाणे काढायचे होते. तीन नेहमीचे, अक्रोडाचे, वही न उघडता, आणि शेवटचा काकूंचा, वहीतून. शेवटच्या घाण्याच्या वेळी धाकटीनं सफरचंदाच्या गरात हात घालून ते हात फ्रिजला पुसले. मी एका हातानं तिला धरलं होतं, दुसऱ्या हातानं घोटत होते, आणि ओरडले, "वाच गं पुढचं!"

"एक वाटी अक्रोड, भरड," थोरली म्हणाली.

माझा हात गेला, वाटी उचलली आणि घातली. विचारच केला नाही. सकाळपासून तीनदा तेच केलं होतं, आणि वाचणारीवर माझा पूर्ण भरवसा होता.

प्रत्येक घाण्यातलं चमचाभर मिश्रण मी छोट्या वाटीत वेगळं भाजते आणि खाऊन बघते, मगच केक देते. तेवढ्या एका सवयीनं वाचवलं. चारच्या सुमाराला मी तो छोटा केक तोंडात टाकला आणि दाताखाली अक्रोड आला.

तोंडातला घास मी सिंकमध्ये थुंकला आणि ओट्याला धरून उभी राहिले. पाच वाजता काकू येणार होत्या. पाच वाजता मी त्या पोरीच्या घशाला सूज आणणारी वस्तू रिबीन बांधून त्यांच्या हातात दिली असती.

"इकडे ये," मी थोरलीला म्हटलं. वही तिच्यापुढे आपटली. "हे काय लिहिलंय? वाच!"

तिनं नेहमीसारखं बोट ठेवलं. "दोन वाट्या बदामाचं पीठ. चार अंडी. पाव चमचा मीठ. एक वाटी अक्रोड, भरड."

बोट 'भोपळ्याच्या बिया' या लाल अक्षरांखाली होतं.

"पुन्हा वाच."

पुन्हा तेच. तोच सूर, तेच थांबणं. बोट लाल अक्षरांवरून शांतपणे पुढच्या ओळीवर गेलं.

अरे देवा! मी इकडेतिकडे पाहिलं. बाजूला विजेचं बिल होतं, ते तिच्यापुढे धरलं. "यावरचा हा एक शब्द वाच. कुठलाही." तिनं बिलाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे आपण घेतलंच नाही अजून."

मी एका कागदावर 'बदक' लिहिलं. काना नाही, मात्रा नाही, तीन अक्षरं. ती बघत राहिली. मग ओठ हलवत मुळाक्षरं म्हणायला लागली, क, ख, ग, घ, आणि ब आल्यावर तिथेच थांबून पुन्हा कागदाकडे पाहिलं. "बदाम?" तिनं विचारलं.

दीड वर्ष. दीड वर्ष ही मुलगी माझ्यासमोर रोज वाचत होती आणि तिला एक शब्द वाचता येत नव्हता. अख्खी वही तिची पाठ होती, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, चित्रं आणि डागांच्या खुणांसकट. आणि मी, शाळांना शहाणपण शिकवणारी, व्हिडिओ काढत बसले होते.

माणसाला धक्का बसला की तो शहाणा होतो असं म्हणतात. मी झाले नाही. मी किंचाळले. "खोटारडी! आईला फसवतेस? केवढी मोठी गोष्ट झाली असती, कळतंय का तुला?" ती भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर मला काय दिसत होतं हे तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, कोडगेपणा. धाकटीनं मात्र भोकाड पसरलं.

काकूंना फोन करून दोन तास मागून घेतले. ओटा, भांडी, चमचे, सगळं गरम पाण्यानं घासलं, नवीन पाकीट फोडलं, एकटीनं केक केला. वही उघडली नाही. बाबा त्या दिवशी बुधवार पेठेत जुन्या मित्राकडे गेले होते म्हणून बरं, नाहीतर माझा आवाज त्यांनी ऐकला असता.

आणि लाज वाटते सांगायला, पण पहिला विचार काय आला, तर हे बाबांपासून लपवायचं कसं. केकचा नाही, त्या पोरीच्या घशाचाही नाही. वीस दिवस आहेत, वीस दिवसांत काय होईल? गोष्टीचं पुस्तक असतं तर एक पान घोकून घेतलं असतं. पण बाबांनी पक्का डाव टाकला होता. पेपर! रोज नवा छापला जाणारा पेपर कोण पाठ करणार? वाढदिवसाच्या दिवशी ताप आला म्हणून सांगावं, इथपर्यंत माझी मजल गेली. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "बाबांना सांग. तेवढंच एक माणूस आहे घरात ज्याला हे शिकवता येतं." राग आला, कारण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना सांगितलं. उभ्यानंच. सगळं, अक्रोडासकट. ते आता काय टोमणा मारतील याची वाट बघत मी ओढणीशी चाळा करत राहिले. त्यांनी टोमणा मारला नाही. म्हणाले, "अहो मास्तरीणबाई, तिला विचारलंत का?"

"काय विचारायचं? फसवलं तिनं."

"सात वर्षांची पोर दीड वर्ष फसवत नसते. तिला बोलाव."

थोरली आली. कालपासून ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती. बाबांनी तिला शेजारी बसवलं आणि अगदी सहज, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "बाळ, तू वाचतेस तेव्हा काय करतेस, ते मला सांग बरं."

मी दीड वर्षात हे कधी विचारलं नव्हतं.

"पुस्तक उघडायचं," ती म्हणाली. "मग ओळीखाली बोट ठेवायचं. मग पाठ असतं ते म्हणायचं. बोट आणि तोंड एकदम संपायला पाहिजे. आधी माझं बोट पुढे जायचं, मग मी खूप सराव केला."

"हे कुणी शिकवलं तुला?"

तिनं बाबांकडे आश्चर्यानं पाहिलं. "तुम्हीच! देवापुढे नाही का आपण रोज बसतो?"

बाबांचा चेहरा उतरला. रोज संध्याकाळी दिवा लावला की ते स्तोत्राची पोथी मांडीवर उघडी ठेवतात आणि डोळे मिटून म्हणतात. शब्द न् शब्द तोंडपाठ. पान संपलं की न बघता बरोबर उलटतात. थोरली चार वर्षांची असल्यापासून त्यांच्या शेजारी बसते आणि तीही म्हणते, आणि सगळं घर तिचं कौतुक करतं, काय पाठांतर आहे पोरीचं! "चला, वाचायला बसू," अशीच बाबा तिला हाक मारतात. त्यांनी चष्मा काढला आणि पंच्यानं पुसत राहिले. तीस वर्षांत त्यांच्या हातून किती पोरं वाचायला शिकली असतील, आणि घरातली ही एक.

काल भिंतीला टेकून उभी होती ती, तेव्हा कोडगी नव्हती. कोणता गुन्हा केला हेच तिला कळत नव्हतं. खोटारडी म्हणाले होते मी हिला, धाकटीसमोर.

"आई," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू चिडलीस ते बरोबर आहे. मला वहीतलं नवीन तू पाठ करून दिलं नव्हतंस, पण मी विचारायला पाहिजे होतं." मग ती बाबांकडे वळली. "आजोबा, मोठ्यांचं खूप पाठ असतं ना, म्हणून तुम्हाला सगळं वाचता येतं. पण पेपर मला नाही जमणार. तो रोज बदलतो. तुम्ही पहाटे पाचला उठून पाठ करता, ते मला माहितीये. वाढदिवसाला मला चारला उठवाल? मला तुमच्यापेक्षा जास्त वेळ लागतो."