पंखाखालचे काळे पट्टे

माझी चांगली चालती इस्त्री एका विमानाने खाल्ली. पंखाच्या सांगाड्यावर प्लॅस्टिकची रंगीत फिल्म चढवतात, ती गरम इस्त्रीने ताणून बसवावी लागते. आमच्या ह्यांनी मला न विचारता माझी इस्त्री घेतली, काम उरकलं आणि साळसूदपणे जागेवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच ड्युटीच्या पांढऱ्या शर्टावर पाठभर लाल डाग उठला. मी घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी ते नवी इस्त्री घेऊन आले आणि जुन्या इस्त्रीच्या मुठीवर चिठ्ठी चिकटवली, ‘विमान खाते’. अशा माणसाशी भांडणार तरी किती?

हे शाळेची बस चालवतात. चालवायचे, असं म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही. माणूस नाकासमोर चालणारा. सकाळी पोरं शाळेत सोडायची, दुपारी घरी पोचवायची आणि मधल्या वेळात मागच्या पडवीत रिमोटवर उडणारं विमान करायचं. तयार सुट्या भागांचा डबा आणून जोडणारेही लोक असतात. ह्यांना ते मंजूर नव्हतं. ‘ते म्हणजे दुसऱ्याच्या पोराला अंघोळ घालून माझं म्हणण्यासारखं,’ म्हणायचे. आपलं विमान आपणच काढायचं, कागदापासून. जेवणाच्या टेबलावर खाकी कागद पसरायचा, त्यावर पंखाची लांबी, शेपटीची उंची, पोटाचा फुगवटा रेखायचा. मग हलक्या लाकडाच्या पातळ फळीतून पंखाच्या फासळ्या कापायच्या, एकेक फासळी डोळ्याजवळ धरून घासायची. तोवर आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

सगळं जुळलं की तोल बघायचा. पंखाखाली दोन बोटं लावून विमान उचलायचं आणि ते आडवं राहतं का बघायचं. शेपूट जड निघाली की नाकात शिशाचा तुकडा. ‘नाकात वजन नसलं की विमान नाक वर करतं आणि आपटतं,’ ते मला समजवायचे. मी म्हणायचे, ‘तुमच्या बहिणीला सांगा हे.’ मग आम्ही दोघंही हसायचो.

पहिली विमानं छोटी होती, चपळ. आभाळात गिरक्या घ्यायची, बघणाऱ्याची मान दुखायची. मग हळूहळू ती वाढायला लागली. दर नवं विमान आधीच्यापेक्षा मोठं आणि आधीच्यापेक्षा संथ. पंखांच्या खालच्या बाजूला काळे रुंद पट्टे आले, तेही दर वेळी आणखी रुंद. मैदानावरचे त्यांचे सोबती वायरमन, सगळे त्यांना वायरमनच म्हणतात, एकदा म्हणाले, ‘काय हो ड्रायव्हरसाहेब, विमान उडवताय की म्हैस चारताय?’ ह्यांनी हसून सोडून दिलं. मला वाटलं, वय झालं, दुसरं काय. पडवीच्या दारातून पंख बाहेर निघेना तेव्हा मी फक्त दाराची काळजी केली.

घरात मात्र ह्यांचा वेंधळेपणा वाढला होता. पडवीच्या वाटेवर डावीकडे एक स्टूल आहे. वर्षानुवर्षं तिथेच आहे. त्याला ते रोज अडखळायला लागले आणि रोज मला विचारायचे, ‘हे इथे कोणी ठेवलं?’ जेवताना डाव्या हाताशी ठेवलेला पाण्याचा पेला लवंडायचा. मी म्हणायचे, ‘डोळे काय पडवीत ठेवून आलात?’ असं बोलून जायचे, कारण डोळ्यांची शंका यायला जागाच नव्हती. माझ्या सुईत दोरा हेच ओवून द्यायचे, एका झटक्यात. बारीक अक्षरं चष्म्याशिवाय वाचायचे. कामावरच्या तपासणीत भिंतीवरच्या तक्त्याची शेवटची ओळ धडाधडा म्हणून यायचे. असा माणूस स्टुलाला अडखळतो, तर दोष लक्ष नसण्याचाच असणार ना?

मग ते सगळ्यात मोठं विमान तयार झालं. पिवळं, पोटाशी फुगीर, पंखाखाली हातभर रुंदीचे काळे पट्टे. रविवारी सकाळी वारा पडलेला बघून आम्ही मैदानावर गेलो. नव्या विमानाच्या पहिल्या उड्डाणाला उडवणाऱ्याच्या खांद्याशी दुसरा माणूस उभा करतात. उडवणाऱ्याची नजर चुकलीच तर विमान कुठे आहे, कसं आहे, ते त्याने सांगायचं. हे काम नेहमी वायरमनचं. त्या दिवशी ते पुढे आले, तर हे म्हणाले, ‘राहू द्या. आज ही उभी राहील.’

मी फुलून गेले. इस्त्री गेली, टेबल गेलं, पण एवढ्या वर्षांनी का होईना, मान मिळाला म्हणायचा.

विमान सुरेख उठलं. समोरच्या समोर लहान लहान घिरट्या घेत राहिलं. एका घिरटीत वाऱ्याने त्याला जरा डावीकडे ढकललं. फार नाही, मला ते स्वच्छ दिसत होतं. हे मात्र उजवीकडचं आभाळ चाळत होते.

‘कुठे आहे?’

‘ते काय,’ मी बोट दाखवलं. त्यांनी बोटाकडे बघितलंच नाही. माझा हात त्यांच्या डाव्या खांद्याशीच होता.

‘अगं, तोंडाने सांग! नाक कुठे आहे त्याचं?’

त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. मी ओरडले, ‘आपल्याकडे येतंय! उजवा पंख खाली जातोय, उजवा!’

मी मला दिसलं ते सांगितलं. पण विमान आमच्याकडे तोंड करून येत होतं. समोरून येणाऱ्या माणसाचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला असतो, तसंच विमानाचं. मला उजवीकडे दिसला तो त्याचा डावा पंख होता. ह्यांनी माझ्या शब्दावर रिमोटची दांडी डावीकडे ढकलली आणि आधीच कललेलं विमान पुरतं कुशीवर झालं. जमिनीवर आदळल्याचा आवाज आम्ही दोघांनी बरोबरच ऐकला.

वायरमननी पिशवी आणून दिली आणि ते लांब जाऊन उभे राहिले. हे गवतात बसून तुकडे गोळा करायला लागले. शेपटीचा तुकडा त्यांच्या डाव्या गुडघ्याला टेकून पडला होता आणि ते मान वळवून वळवून तोच शोधत होते. मी बघत राहिले. स्टूल आठवलं, पेला आठवला, नजरेतून निसटू नयेत म्हणून दर वेळी मोठी होत गेलेली विमानं, रुंद होत गेलेले पट्टे आठवले. आणि मग पोरं आठवली. बसमधून पोरं डावीकडेच उतरतात.

‘अहो,’ मी म्हणाले, ‘बसच्या आरशात पोरं दिसतात का तुम्हाला?’

त्यांनी हातातली फासळी पिशवीत ठेवली.

‘शोधली की दिसतात,’ ते म्हणाले.

घरी आल्यावर मी बोलायची थांबले नाही. उद्यापासून बस बंद, मी म्हणाले. ते म्हणाले, परीक्षा होईपर्यंत थांब. मी म्हणाले, एखाद्या पोराच्या आईला जाऊन सांगते मी, परीक्षा होईपर्यंत थांबा म्हणून. ते म्हणाले, इतक्या वर्षांत कोणाला ओरखडा उठला नाही. ते खरं होतं आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. माणूस वाईट असता तर भांडण सोपं झालं असतं. पण हा माणूस पोरांची नावं, त्यांच्या लहान भावंडांची नावं, कोणाला बस लागते, कोण खिडकीसाठी रडतं, सगळं जाणणारा. बसशिवाय आपण कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं.

सोमवारी सकाळी बघते तर पांढरा शर्ट अंगात, किल्ली टेबलावर, समोर चहा. मी स्वयंपाकघरात होते. ते तिकडून मोठ्याने बोलत होते.

‘ऐकतेस का? मी विचार केलाय. डावीकडचा आरसा बदलून मोठा बसवून घेतो. आणि गाडी हळू चालवतो. दहा मिनिटं लवकर निघायचं, बस्स.’

मोठं आणि संथ. पुन्हा तेच. मी बाहेर आले, त्यांच्या डाव्या हाताला, खुर्चीला लागून उभी राहिले. हात लांबवला असता तर माझ्या पदराला लागला असता.

‘ऐकतेस ना?’ त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत पुन्हा विचारलं. ‘रुसून बसू नकोस. जपून चालवेन म्हणतोय ना. बाहेर तर ये.’

मला रडू फुटलं. मुद्दाम कळवायचं म्हणून नाही, आवरलंच नाही.

‘मी इथेच आहे,’ मी म्हणाले.

ते इतके दचकले की कप उलटला. चहा टेबलभर पसरला, खाकी कागदावर, रात्री काढायला घेतलेल्या नव्या विमानाच्या अर्ध्या रेघांवर. त्यांनी मान पूर्ण वळवून माझ्याकडे बघितलं. आधी चेहरा, मग पाय, मग पुन्हा चेहरा. मी किती जवळ उभी आहे, ते मोजत होते.

‘केव्हापासून?’

‘आरसा म्हणालात तेव्हापासून.’

चहा टेबलाच्या कडेवरून ठिबकत राहिला. मग त्यांनी किल्ली माझ्याकडे सरकवली आणि शाळेत फोन लावला. ‘दुसरा माणूस पाठवा,’ म्हणाले. तिकडून कारण विचारलं असावं, पुढचं ते हळू बोलले, ‘मला कडेचं दिसत नाही.’

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मधली नजर शाबूत, कडा गेल्या, डावीकडच्या जास्त. तक्ता मधल्या नजरेने वाचतात, म्हणून तपासणीत काही निघालं नाही. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली औषधाच्या थेंबांवर जपायची. मी डॉक्टरांवरही चिडले. कोणावर तरी चिडायला हवंच होतं. पिवळ्या विमानाची पिशवी पडवीत तशीच पडून आहे. स्टूल मी हलवलं, तर त्यांनी पुन्हा जागेवर आणून ठेवलं. ‘आता पाठ झालंय,’ म्हणाले.

नव्या ड्रायव्हरला रस्ता तोच दिला आहे. पहिल्याच आठवड्यात दुपारी बस आमच्या घरावरून जाताना हॉर्न वाजला. पोरांनीच वाजवायला लावला असणार. हे धडपडत खिडकीशी गेले आणि हात उंच करून उभे राहिले, मोकळ्या रस्त्याकडे बघत. बस अजून तिथवर पोचलीच नव्हती. खिडक्याखिडक्यांतून पोरं ओरडत होती, ‘ड्रायव्हरकाका!’ आणि हे उजवीकडे हात हलवत होते.

मी त्यांच्या खांद्याशी जाऊन उभी राहिले.

‘डावीकडे,’ मी म्हणाले. ‘तुमच्या डावीकडे. नाक आपल्याकडे आहे.’