राजारामपुरीतला फ्रेंचचा वर्ग

परवा एका मैत्रिणीनं विचारलं, "तेव्हा दोन महिने फ्रान्समध्ये राहिली होतीस ना, तिथलं काहीतरी सांग की." मी सांगायला लागले, आणि तासाभरानंतरही विमानात बसले नव्हते. तिथल्यापेक्षा जायच्या आधीचंच माझ्याकडे जास्त साठलंय.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. राजारामपुरीत एका जिन्यावरच्या खोलीत कुलकर्णी मॅडम फ्रेंच शिकवायच्या. आम्ही दोघंच विद्यार्थी. मी आजऱ्याची, हॉस्टेलवर राहणारी. दुसरे बाजीराव, राधानगरीकडचे, वय चाळीस, नोकरी डेअरीत. त्यांना तिकडं चीज शिकायचं होतं, मला भाषा. उन्हाळ्यात तिथल्या एकेका कुटुंबात राहायचं आणि दोन महिने फ्रेंचशिवाय एक शब्द बोलायचा नाही, अशी पाठवणाऱ्यांची अट होती.

*

फ्रेंचमधला 'र' घशातून येतो. मी हॉस्टेलच्या गच्चीवर त्याची प्रॅक्टिस करायचे. तिसऱ्या दिवशी रेक्टरबाई मिठाच्या कोमट पाण्याचा तांब्या घेऊन वर आल्या. मी समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "असू दे. तरीपण गुळण्या कर."

*

फ्रेंचमध्ये टेबल स्त्रीलिंगी. बाजीरावांना ते काही पटेना. टेबल बाई कशी, म्हणून ते अडून बसले. मॅडमनी उलट विचारलं, मग मराठीत खुर्ची बाई कशी? दोन दिवसांनी बाजीराव वर्गात शिरता शिरता म्हणाले, "मॅडम, लई इचार केला. खुर्चीला कुणी इचारलंच न्हाय."

*

एका रविवारी मॅडम आम्हाला रंकाळ्यावर घेऊन गेल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत फक्त फ्रेंच. तिथं बाजीरावांना गावचा माणूस भेटला, कधी आलास म्हणाला. मॅडम शेजारीच उभ्या. बाजीरावांनी फ्रेंचमध्ये नमस्कार घातला, "बाँझूर." त्यानं घरची खुशाली विचारली. पुन्हा "बाँझूर."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्यांची बायको अंगारा घेऊन हजर.

तो किस्सा आम्ही महिनाभर हसत सांगितला. एकदा मात्र बाजीराव हसता हसता थांबले आणि म्हणाले, "तिकडं दोन म्हैन्यात बिघडलो तर कोण यील धावत?"

*

'माझं कुटुंब' हा निबंध होता. मी लिहिलं, आई ऑफिसात क्लार्क आहे. खरं तर आई काजूच्या कारखान्यात काजू फोडायची. टरफलाच्या तेलानं तिची बोटं काळी पडलेली असायची.

मॅडमना कुठून कळलं, ठाऊक नाही. वही परत देताना त्यांनी एवढंच विचारलं, "शब्द येत नव्हता, की सांगायचं नव्हतं?"

मी खाली बघत म्हटलं, शब्द येत नव्हता. त्यांनी डिक्शनरी माझ्यापुढं सरकवली आणि मी शोधेपर्यंत खिडकीशी उभ्या राहिल्या.

*

मॅडमचे यजमान आदल्या वर्षी वारले होते. घरात दोघं एकमेकांशी फ्रेंचच बोलायचे, असं खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला सांगितलं होतं.

फोनवर बोलायची सवय व्हावी म्हणून मॅडम अचानक फोन करायच्या. सुट्टीत मी आजऱ्याला होते, तेव्हा त्यांचा शेजाऱ्यांकडे फोन आला. मी बाजारात गेलेले. आईला बोलावलं. पलीकडून मॅडम फ्रेंचमध्ये सुरू झाल्या. आई म्हणाली, "पोरगी न्हाय घरात. पर तुमी बोला, मी हाय की."

मी आले तेव्हा आई रिसिव्हर कानाला लावून उभी होती. मधूनमधून "व्हय" म्हणत होती. मी हात पुढं केला, तर तिनं मानेनंच नको म्हटलं. दहा मिनिटांनी तिनं फोन हळूच ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"मला काय कळतंय? मधीच रडाय लागल्या. मग कसा ठिवायचा फोन?"

सुट्टी संपल्यावर वर्गात गेले. मॅडमनी नेहमीसारखा धडा घेतला, चुका काढल्या, गृहपाठ दिला. मी चपला घालत असताना दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या आईचं फ्रेंच फार चांगलं आहे."