आपला शेरा आपण लिहायचा

पुढे सांगतोय ते सगळं अक्षरन् अक्षर खरं आहे. गंगेत उभा राहून सांगतो! म्हणजे आत्ता मी गंगेत नाही, घरच्या गॅलरीत वेताच्या खुर्चीत बसलोय आणि टाच दुखतेय म्हणून पाय बादलीत घातलेत. पण बादलीतलं पाणी नळाचं, नळाचं पाणी धरणाचं आणि धरण गंगेवरच, आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. तेव्हा शपथ लागू! आणि 'सगळं खरं' म्हणजे जवळजवळ सगळं. एक जागा सोडून. ती कुठली ते शेवटी सांगेन, धीर झाला तर.

पंधरा वर्षं मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. हाताशी काय उरलं विचाराल तर किस्से. शाळेच्या ऑफिसात सापडलेल्या वस्तूंची एक पत्र्याची पेटी असायची. रिबिनी, कर्कटकं, एकाच कानातलं डूल. न्यायला कधी कोणी यायचं नाही, पेटी मात्र भरत जायची. माझ्या डोक्याचं तेच झालंय. आज ती पालथी करतो.

* * *

गंगापूर रोडला तेव्हा बंगले कमी आणि द्राक्षाचे मळे जास्त. त्यातच आमची शाळा. आठवी ते दहावी, फक्त मुली, आणि खाजगी. सरकारी अनुदान घ्यायचं नाही हा मुख्याध्यापिकांचा हट्ट. "मुलींना सांगायचं स्वतःच्या पायावर उभ्या राहा, आणि आपण हात पसरायचा?" असं त्यांचं म्हणणं. उंचीला पाच फुटांच्या आतच, पण सगळे त्यांना 'मोठ्या बाई' म्हणायचे. त्यांच्या समोर गेलं की आपणच लहान व्हायचो.

सन त्र्याहत्तरमध्ये मी मुलाखतीला गेलो. पहिलाच प्रश्न, "मुलींना घाबरता का?"

मी छाती काढून म्हटलं, "छे!"

"मग जमायचं नाही. न घाबरणारे दोन मास्तर आजवर घालवलेत मी."

तेवढ्यात आठवीतली एक मुलगी खडूंचा डबा घेऊन आत आली आणि मी, का कोण जाणे, ताडकन उठून उभा राहिलो!

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "उद्या साडेदहाला या."

बाकीच्या सगळ्या शिक्षिका. त्यामुळे 'सर' म्हणजे मी एकटाच, नाव कोणाला ठाऊकच नाही. पहिल्या दिवाळीला एका मुलीचं भेटकार्ड आलं. पत्ता नुसता 'सर, नाशिक'. आणि ते पोचलं!

* * *

प्रगतिपुस्तकात शेवटी एक रकाना असतो, 'शेरा'. सगळ्या शाळांत तिथे मास्तर 'प्रगती समाधानकारक' लिहून मोकळे होतात. आमच्याकडे तो रकाना मुलीनं स्वतः भरायचा. एक वाक्य, स्वतःबद्दल, आणि खरं. खाली वर्गशिक्षकाची सही. खाडाखोड करायला बंदी. आणि रकाना रिकामा असेल तर पुस्तक अपुरं, पुस्तक अपुरं तर वरच्या वर्गात जागा नाही.

"दुसऱ्यांनी केलेली आपली किंमत मुलींना जन्मभर ऐकायचीच आहे," मोठ्या बाई म्हणायच्या. "वर्षातून दोनदा स्वतः करू देत."

माझ्या पहिल्याच वर्गात एकीनं लिहिलं, 'मला गणित येत नाही, पण हे सरांना अजून कळलेलं नाही.' आता खाली सही कोणाची? माझी! केली.

एकदा लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी प्रगतिपुस्तक नाचवत ऑफिसात आले. "बाई, हे बघा पोरीनं काय लिहिलंय! 'मी शाळेत खरं बोलते, घरी बोलता येत नाही.' याच्यावर मी सही कशी करू? मार्केटात काय तोंड दाखवू?"

बाईंनी त्यांना बसवलं, चहा मागवला. "म्हणजे शाळेनं आपलं अर्धं काम केलेलं दिसतंय. उरलेलं अर्धं तुमच्याकडे आहे."

गृहस्थांनी चहा संपेपर्यंत विचार केला आणि सही केली. पुढच्या सहामाहीला त्या मुलीचा शेरा होता, 'मी आता घरीही खरं बोलते. आई म्हणते, आधीच बरं होतं.'

* * *

मोठ्या बाईंचा आणखी एक नियम. दहावीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकल आलीच पाहिजे. "कुठं जायचं ते त्या ठरवतील. जाता आलं पाहिजे." शिकवायला कोण? तर सर! गणिताच्या माणसाला तोल कळतो, असा बाईंचा समज.

आता मला सायकल येत नव्हती, हे सांगायची ती वेळ होती. मी नाही सांगितलं.

त्या वर्षी मी चाळीस मुलींना सायकल शिकवली. कॅरिअर धरून मागे पळायचं आणि ओरडायचं, "पुढं बघ! चाकाकडं बघू नकोस! पडलीस तर पड!" एवढ्यावर त्या शिकल्या. मुली मास्तरामुळे शिकत नाहीत, मास्तर असतानाही शिकतात, हा शोध मला तिथेच लागला.

मार्चमध्ये एक मुलगी म्हणाली, "सर, आता एक चक्कर तुम्ही मारून दाखवा ना."

मी म्हटलं, टाच दुखतेय.

"सर, टाच रोजच दुखते?"

पुढचे पंधरा दिवस शाळा सुटल्यावर मैदानात जे चाललं, ते आजूबाजूच्या मळ्यातल्या लोकांनी काम थांबवून पाहिलं. मी सायकलवर, मागे कॅरिअर धरून दोन वेण्यांची पोर धावतेय आणि किंचाळतेय, "पुढं बघा सर! पडलात तर पडा!"

वर्षअखेरीला तिचा शेरा माझ्यापुढे सहीला आला. 'या वर्षी मी सायकल शिकले आणि एका मोठ्या माणसाला शिकवली.' मोठ्या बाईंनी तो वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि मधल्या सुट्टीत एवढंच विचारलं, "कोपरं फार खरचटली का हो?"

* * *

आता यशोदाचं सांगतो.

यशोदा पेठ गावाच्या पलीकडल्या डोंगरातली. मोठ्या बाई दरवर्षी एका मुलीला मोफत जागा द्यायच्या, त्या वर्षी ती यशोदाला दिली. शाळेच्या मागे आमच्या शिपाईण यमुनाबाईंची खोली होती, तिथेच ती राहायची. गणितात चोख, मराठीत बरी. पण वर्गात तोंडातून शब्द नाही. प्रश्न विचारला की उत्तर वहीत लिहून वही वर धरायची. तिची बोली वेगळी, आणि पहिल्याच आठवड्यात कोणीतरी तिला हसलं होतं. तेव्हापासून कुलूप.

यमुनाबाई म्हणायच्या, "माझ्याशी लय बोलती. काय बोलती ते निम्मं मला कळत नाय, पण बोलती!"

वर्गात तिचं एक काम मात्र होतं. मी गणित सोडून गप्पा मारायचो. आमच्या आजोबांनी वाघाला पंचांग कसं वाचून दाखवलं, वगैरे. मुली खूष. धोका एकच, मोठ्या बाई. त्यांचं ऑफिस व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. पण त्या खुर्चीतून उठल्या की यशोदाला ऐकू जायचं! ती हातातली पेन्सिल बाकावर आडवी ठेवायची. पेन्सिल खाली की वाघ बंद, वर्गमूळ चालू. पाच महिन्यांत बाईंना मी कधीही वर्गमूळाशिवाय दुसरं काही शिकवताना सापडलो नाही.

हे जरा अतीच झालं असावं. एक दिवस पेन्सिल खाली गेली, मी फळ्याकडे वळलो, आणि दारात मोठ्या बाई. चपला हातात! अनवाणी आल्या होत्या.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. यशोदाकडे पाहिलं, मग तिच्या पेन्सिलीकडे. चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या. "चालू द्या," म्हणाल्या, आणि गेल्या.

* * *

दिवाळीच्या आधी सहामाही झाली. शेरे आले. यशोदाचा रकाना कोरा.

"लिही ना गं काहीतरी," मी म्हटलं. तिनं मान हलवली. दोन दिवस दिले, चार दिले. रकाना कोराच.

संस्थेचे सचिव चांगले गृहस्थ होते, पण नियमाला पक्के. ते मोठ्या बाईंना म्हणाले, "बाई, मोफत जागा पुस्तक पुरं असेल तरच पुढे चालू राहते. रांगेत दुसऱ्या मुली आहेत. नियम तुमचाच आहे."

"माझाच आहे," बाई म्हणाल्या. "मी तो मोडणार नाही."

हे यशोदाच्या घरी कळलं. भाताची कापणी उरकून तिकडची माणसं कामासाठी घाट उतरतात. निकालाच्या दिवशी सकाळीच तिचे वडील हजर. डोक्याला मुंडासं, पाय धुळीनं पांढरे. व्हरांड्यात उकिडवे बसले होते.

"पोर बोलत नाय म्हनतात, सर. शाळा ठेवनार नसंल तर नेतो. कांद्याच्या कामाला जायाचं हाय, धाकली पोरं संभाळील."

यशोदा शेजारी उभी. हातात कपड्यांचं गाठोडं. तिनं स्वतःच बांधलेलं.

मग मी एक गोष्ट केली. मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन तिचं प्रगतिपुस्तक उघडलं आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं त्या रकान्यात एक वाक्य लिहिलं. खाली उजव्या हातानं सही केली आणि पुस्तक वडिलांच्या हातात नेऊन दिलं.

"मला कुठं वाचता येतंय? तुमीच वाचा."

मी वाचलं, "मी बोलत नाही, पण सगळं ऐकते."

त्यांनी पोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "खरं हाय. घरीबी आसंच. रानात कुठं पानी वाजतंय ते हीच सांगती आमाला." पोरीच्या हातातलं गाठोडं काढून त्यांनी तिच्या पायाशी ठेवलं, मला हात जोडले, आणि एकटेच स्टँडकडे चालू लागले.

यशोदानं पुस्तक उघडून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी खूप लांबचं काहीतरी बघत होतो.

* * *

एप्रिलमध्ये वार्षिक निकाल. सगळी प्रगतिपुस्तकं सभेत सचिवांपुढे ठेवायची पद्धत. यशोदा वर्गात तिसरी. सचिव खुशीत शेरा मोठ्यानं वाचायला लागले. 'मागचा शेरा मी लिहिला नव्हता.' इथे ते थांबले. पुढचं हळूच वाचलं. 'पण तो खरा होता.'

त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं.

"म्हणजे मुलीच्या रकान्यात दुसऱ्याच कोणी लिहिलं?" सचिवांचा चेहरा उतरला. "या शाळेत? बाई, तुमच्या शाळेत?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. खुर्चीचे हात धरले. त्या उठायच्या आत मी उठलो.

"मी लिहिलं. डाव्या हातानं."

"का?"

"कोरा रकाना बघवत नाही हो. गणिताचा माणूस आहे."

कोणी हसलं नाही. मला लेखी समज मिळाली, पगारवाढ वर्षभर थांबली. यशोदा नववीत गेली. जूनमध्ये पहिल्या दिवशी मी फळ्यावर उदाहरण घातलं, उत्तर विचारलं, आणि शेवटून दुसऱ्या बाकावरून आवाज आला, "बारा." एवढंच. सगळा वर्ग मागे वळला. मला उत्तर अकरा हवं होतं. मी पुन्हा करून पाहिलं. बाराच होतं!

* * *

झालं. आता ती एक जागा.

वाघ आणि पंचांग सोडा, ते माझं नाहीच, आजोबांचं होतं. 'सर, नाशिक' या पत्त्यात बहुतेक शाळेचंही नाव होतं. त्याची लाज नाही.

पण सभेत मी जे सांगितलं तेच वर लिहिलंय, आणि तेच आजवर प्रत्येकाला सांगत आलोय. मोठ्या बाई होत्या तोवर दुसरं काही सांगायचा प्रश्नच नव्हता. गेल्या श्रावणात त्या गेल्या.

त्या निकालाच्या सकाळी मी त्यांच्या खोलीत गेलो हे खरं. डावखुरी लबाडी करायची हेही घरून ठरवून गेलो होतो. पण पुस्तक आधीच टेबलावर उघडं होतं, शाई ओली होती, आणि मोठ्या बाई खिडकीकडे तोंड करून डाव्या हाताची बोटं पदराला पुसत होत्या.

"सही करा, सर," त्या मागे न वळता म्हणाल्या. "ओलं आहे. जपून."