उधव्याचा चिखल

पंक्चरवाला टायरमधली हवा सोडतो, तापलेल्या रबराचा वास येतो आणि मला उधव्याचा चिखल आठवतो.

वरोरच्या किनाऱ्यावरून मासळी वाहायला मी जीपला रुंद टायर घातले होते. हवा थोडी काढली की गाडी वाळूवर तरंगत जायची. त्याचीच मला घमेंड होती.

त्या श्रावणात मित्राच्या आजारी वडिलांना, लखमाकाकांना, उधव्याच्या पाड्यावरून दवाखान्यात न्यायचं होतं. चिखल दिसताच मी सवयीने हवा काढायला उतरलो. मागच्या सीटवरून काका धापा टाकत म्हणाले, "हवा नको काढू. बैलगाडीचं चाक बारीक का असतं? चिखल कापून खालची कठीण जमीन धरायला."

"काका, ही फोर बाय फोर आहे," मी हसून म्हणालो आणि हवा काढलीच.

रुंद चाकं चिखलावरच घसरत राहिली आणि गाडी बांधाखाली रुतली. मित्राने आणि पाड्यातल्या माणसांनी काकांना झोळीत घालून खांद्यावर घेतलं. मी मागून रिकाम्या हातांनी चालत होतो. डांबरी रस्ता यायच्या आधीच काका गेले.

मला कोणीच बोल लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्याच माणसांनी माझी जीप ओढून काढली, काकांचेच बैल जुंपून.